एक चुकीची ढाल

माणसाला एक वेळ नाव नसलं तरी चालेल, पण चिन्ह पाहिजेच पाहिजे, असं मनापासून मानणारा एकच माणूस आमच्या नगर जिल्ह्यात होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. हा योग एकूणच धोक्याचा होता, कारण मला लहानपणापासून आपण कुणीतरी थोर घराण्यातले आहोत असा विनाकारण संशय येत असे. त्या संशयाला आधार म्हणाल तर काहीच नाही. आम्ही पुणतांब्याचे. गोदावरीच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या बाजरी, गहू आणि ऊस. घरात लोखंडाची सगळ्यात लांब वस्तू म्हणजे ऊसतोडीचा कोयता. पण मी बी.ए. झालो होतो, तेही तिसऱ्या वर्गात का होईना. नगरला पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून चिकटलो होतो, टेरिलीनचा शर्ट घालत होतो आणि आरशासमोर उभा राहिलो की मान जराशी तिरकी धरत होतो. तशी धरली की मला माझ्यात एखादा सरदार दिसायचा. इतरांना तो कधी दिसला नाही. हेडक्लार्कना तर माझ्यात कारकूनसुद्धा दिसत नसे.

माझं लग्न ठरलं ते बाहत्तर सालच्या सुरुवातीला. मुलगी नगरचीच, तिच्या वडलांची पिठाची गिरणी. सुपारी फुटली आणि दुसऱ्याच रविवारी सासूबाईंनी फर्मावलं, की भिंगारला माझ्या भावाला भेटून या, मुलीचा मामा आहे, लग्नात त्याचा मान मोठा. "आणि हो," त्या हळूच म्हणाल्या, "तो काय विचारील त्याची सरळ उत्तरं द्या." हे त्यांनी का सांगितलं ते मला तेव्हा कळलं नाही. कळलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

भिंगारच्या त्या घराच्या फाटकावर एक ढाल रंगवलेली होती. ढालीवर हिरवी वेल, ढालीच्या डोक्यावर तुऱ्यासारखा उभा रंगाचा ब्रश, दोन्ही बाजूंनी मागच्या पायांवर उभ्या राहून ढाल तोलून धरणाऱ्या दोन शेळ्या, आणि खाली पट्टीवर ब्रीद: 'आधी विचारा, मग रंगवा.' फाटकातून आत गेलो तर तीच ढाल दारावर, तीच पाण्याच्या पिंपावर, तीच बाजेच्या पायांवर, वळचणीला टांगलेल्या छत्रीवर आणि खऱ्या शेळ्यांच्या गळ्यातल्या पत्र्याच्या बिल्ल्यांवर. मामींनी मला बसायला पाट दिला, त्यावरही ढाल. मी संकोचून उभाच राहिलो. मामी म्हणाल्या, "बसा हो, आमी समदे तिच्यावरच बसतो. पापड तेवढे सुटलेत." तेवढ्यात आतून मामा आले. बेताची उंची, खाकी पँटवर बंडी, बोटांना चार रंग आणि चष्म्याच्या उजव्या काचेवर पिवळ्या ऑइलपेंटचा एक ठिपका. तो ठिपका त्यांनी कधी पुसला नाही. सगळं जग ते त्या ठिपक्यासकट बघत. नमस्कार-चमत्कार नाही, पगार किती नाही, जमीन किती नाही. मला आपादमस्तक न्याहाळून त्यांनी पहिला प्रश्न टाकला, "देवक काय?"

देवक म्हणजे कुळाची खूण. कुणाचं झाड, कुणाची वेल, कुणाचं मोराचं पीस. लग्नाच्या आधी मारुतीच्या देवळातून ते वाजतगाजत आणायचं, मांडवाच्या खांबाला बांधायचं, आणि ज्या दोन घरांचं देवक एक त्या घरांत सोयरीक करायची नाही, कारण ती भावंडं. बाकीच्यांना हे लग्नापुरतं आठवतं आणि हळदीबरोबर धुऊन जातं. मामांना ते बारा महिने चोवीस तास आठवत असे. एसटीत कंडक्टर तिकीट फाडून देत असला की ते हात पुढे करून विचारत, "देवक?" एकदा दातांच्या डॉक्टरांनी त्यांच्या तोंडात चिमटा घातलेला असताना त्यांनी काहीतरी बोलायची एवढी धडपड केली, की डॉक्टरांना वाटलं भूल उतरली. घाबरून त्यांनी चिमटा काढला. मामा म्हणाले, "तसं न्हाई, दाढ काढा. पन तुमचं देवक सांगायचं राहिलं."

हे वेड त्यांना लागलं ते लष्कराच्या कँपात. मामा तरुणपणापासून कँपात रंगारी होते. रणगाड्यांवर आणि ऑफिसांच्या पाट्यांवर पलटणींची चिन्हं रंगवायची, हे त्यांचं काम. इंग्रज जायच्या जरा आधीची गोष्ट. एका गोऱ्या साहेबानं आपली पत्र्याची ट्रंक रंगवायला दिली. ट्रंकेवर एक पुसट ढाल होती, ढालीवर तीन मासे. मामांनी विचारलं, ही कुठली पलटण? साहेब म्हणाला, पलटण नव्हे, हे माझं घराणं. माझे पूर्वज लढाईत हीच ढाल धरायचे. मग त्यानं मामांना समोर बसवून सगळं सांगितलं, की आमच्याकडे पूर्वी शिपाई डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात बंद असायचे, आपला कोण आणि दुसऱ्याचा कोण ते कळायचं नाही, म्हणून ढालीवर चित्रं काढायला लागले, मग लढाया संपल्या आणि चित्रं राहिली. मामांनी मासे झकास रंगवून दिले, घरी आले आणि आईला विचारलं, "आये, आपलं काय?" आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मोरवेल." मामा सांगत, "त्या दिवशी मला जेवन गेलं न्हाई. सायबाचे मासे ट्रंकेवर, आन् आपली वेल मांडवाच्या खांबाला. त्याचं लोकं बघत्यात, आपलं दुसऱ्या दिवशी शेळी खाती. हा अन्याव न्हाई?"

हा अन्याय दूर करायचा त्यांनी विडा उचलला. विलायतेच्या ढालीत आपलं देवक बसवायचं, वर तुऱ्याच्या जागी घराचा धंदा, दोन्ही बाजूंना भालदार-चोपदार म्हणून घरात पाळलेली जनावरं, आणि खाली ब्रीद. शिंप्याच्या दारावर कात्रीचा तुरा आला, पोस्टमनच्या दारावर सायकलचा. कुणी म्हणालं, मामा, हे सगळं इंग्रजांचं आहे, तर ते भडकत. दख्खनच्या किल्ल्यांच्या दरवाजांवर पंजांत हत्ती धरलेला सिंहासारखा शरभ कोरलेला असतो, तो काय इंग्रजांनी कोरला का, असं विचारून ते समोरच्याला सायकलच्या कॅरिअरवर घालून दाखवायला निघत. माणसानं आपली खूण बदलावी याचा त्यांना भयंकर राग. निवडणुकीच्या निशाणीत बैलजोडीचं गायवासरू झालं तेव्हा ते मतदानाच्या रांगेत उभे राहून म्हणाले होते, "राज्य बदलावं, देवक बदलू नये." संस्थानिकांचे तनखे बंद झाले तेव्हा अख्ख्या नगरात दुःख झालेला हा एकच माणूस. तनख्याचं त्यांना काही नव्हतं. "तनखा जाऊ द्या, पन त्यांच्या त्या ढाली आता कोन रंगवनार?" म्हणून त्यांनी दिल्लीला पत्र धाडलं होतं. दिल्लीहून उत्तर आलं नाही. पत्राच्या डोक्यावर दोन शेळ्या बघून तिथे काय समजूत झाली असेल कोण जाणे.

पण या सगळ्या विक्षिप्तपणाला एक कणा होता. पुराव्याशिवाय मामा रेघ ओढत नसत. त्यांचा नियम पक्का: घरातली दोन म्हातारी माणसं आणि प्रत्यक्ष झाड, अशा तीन साक्षी. एकदा पाथर्डीकडच्या एका कुटुंबातला एक म्हातारा म्हणाला आमचं देवक कळंब, दुसरा म्हणाला हेदू. मामा चैत्राच्या उन्हात सायकल हाणत गेले आणि त्या झाडाखाली दोन दिवस बसून राहिले. पान बघितलं, साल बघितली, गावातल्या वैदूला आणलं, आणि कळंब ठरल्यावरच परतले. एका बड्या पुढाऱ्यांना आपल्या बंगल्यावर वाघ पाहिजे होता. मामांनी चौकशी केली आणि जीप घेऊन आलेल्या माणसाच्या हाती निरोप धाडला, "सायबांचं देवक आघाडा हाय. वाघ सर्कशीत." ते काम गेलं, पण मामांना त्याचं सुखदुःख नव्हतं. "मी काढलं म्हनजे ते खरं हाय," असं ते म्हणत, आणि हे वाक्य लोकांनाही मान्य होतं. नगरात कुणाच्या देवकाबद्दल शंका निघाली तर भटजींच्या आधी मामांना विचारत.

याच बाण्यापायी त्यांचं आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांचं फाटलं होतं. सासरे म्हणजे मामांच्या बहिणीचे यजमान, मामांचे दाजी. त्यांच्या घराण्याचं देवक उंबर. मामांनी एकदा बरीच चौकशी केली, त्यांच्या मूळ गावी जाऊन आले, आणि जावळाच्या भर पंगतीत जाहीर केलं, "दाजी, तुमचं मूळ देवक कळंब. उंबर ही तुमची सात पिढ्यांची चूक." पंगतीत श्रीखंडाच्या वाट्या तशाच राहिल्या. दाजी म्हणाले, "मग आमची लगनं झाली ती काय खोटी?" मामा म्हणाले, "त्याचा मी इचार केला न्हाई." त्या दिवसापासून अकरा वर्षं दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. एका खोलीत बसले तरी सासूबाईंच्या मार्फत बोलत. "त्यास्नी म्हनावं चष्मा पुसा." "दाजींना सांग, मला दिसतंय तेवढं बास हाय." माझ्या लग्नाची बोलणी झाली तेव्हा मामा आलेच नव्हते ते यामुळे. आणि त्यामुळेच, माझ्या वडलांनी त्या बैठकीत आमचं देवक काय सांगितलं, हे त्यांना माहीत नव्हतं.

आमचं देवक रुई.

आता मला सांगा, मान तिरकी धरणाऱ्या, टेरिलीन घालणाऱ्या तरुणानं रुई कशी सांगावी? रुई कुठे उगवते? उकिरड्यावर, रेल्वेच्या रुळांच्या कडेला, पडक्या भिंतीत. शेळीसुद्धा तिला तोंड लावत नाही. शनिवारी मारुतीच्या गळ्यात पडते एवढाच तिचा मान, आणि तोही रविवारी वाळतो. मामा समोर वही उघडून, पेन्सिल कानावरून काढून बसलेले. त्यांच्या भिंतीवर कुणाचा मोर, कुणाचा कळंब, कुणाचं सूर्यफूल. मला त्या भिंतीवर रुई दिसली आणि तिच्याखाली माझं नाव दिसलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "तलवारीचं पातं."

मामांचा चेहरा उजळला. तलवारीचं पातं हे देवक काही थोड्या घराण्यांत आहे, पण त्यांच्या हाताखालून अजून गेलं नव्हतं. "वा! आन् जनावरं?" माझी जीभ आता सैल सुटली होती. "घोडे." "किती?" "दोन." आमच्या घरी दोन बैल आणि एक म्हैस होती, आणि बैलांपैकी एक लंगडत होता. मामांनी लिहून घेतलं आणि खुंटीवरची पिशवी काढली. "उद्याच्या गाडीनं पुनतांब्याला जाऊन येतो. दोन म्हातारी मानसं आन् पातं बघून येतो." मग मी जे केलं ते आठवलं की आजही मान आपोआप सरळ होते. मी दुखावल्यासारखा चेहरा केला आणि म्हणालो, "मामा, माझ्या शब्दावर विश्वास नाही का?" मामा थबकले. थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांनी पिशवी परत खुंटीला अडकवली. "जावयाचा शब्द. बास झालं," ते म्हणाले. आयुष्यात साक्षीपुराव्याशिवाय त्यांनी ओढलेली ती पहिली रेघ.

लग्नपत्रिका मामांकडून होती. त्यांनी स्वतः ठसा कोरून घेतला आणि छापखान्यात उभं राहून पत्रिका काढून घेतल्या. वर 'श्री गजानन प्रसन्न', त्याखाली ढाल, ढालीवर उभी तलवार, दोन्ही बाजूंना उधळलेले घोडे, पाटबंधारे खात्याच्या मानार्थ तुऱ्याच्या जागी धरणाचा दरवाजा, आणि खाली ठळक अक्षरांत 'वराचे कुलचिन्ह'. ब्रीद मी दिलं होतं, 'शौर्यं कुलभूषणम्'. शब्दकोश घेऊन तीन तास बसलो होतो त्यासाठी. ऑफिसात पत्रिका वाटताना मी त्या ढालीवर अंगठा येणार नाही अशी धरत होतो. दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, वाचता येत नव्हतं, पण तलवार दिसत होती. त्यांनी विचारलं, "ही कशापायी?" मी म्हणालो, "छापखान्याची नक्षी आहे दादा. सगळ्यांच्याच पत्रिकेवर असते." दादा म्हणाले, "घोडी चांगली काढल्यात."

वैशाखात लग्न. पुणतांब्याहून आमचं वऱ्हाड ट्रकनं नगरला आलं ते लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी. उतरायची सोय एका शाळेत केली होती. सुट्टी असल्यामुळे वर्ग रिकामे होते. गावाकडे मारुतीच्या देवळातून देवक आणून मांडवाला बांधलंच होतं, पण दादांची समजूत अशी की परगावी जाताना देवक सोबत असावं. म्हणून त्यांनी रुईची एक चांगली पानाफुलांची डहाळी ओल्या फडक्यात गुंडाळून स्वतःच्या मांडीवर ठेवून आणली होती, आणि ट्रकमधून उतरल्याबरोबर, पाणीसुद्धा न पिता, ती त्यांनी वर्गाच्या दाराला सुतळीनं बांधली. मी ते बघितलं. मला सोडवाविशी वाटली, पण चारचौघांत काय कारण सांगणार?

थोड्या वेळानं मुलीकडचे लोक वऱ्हाडाला भेटायला आले. पुढे सासरे, त्यांच्या हातात पाहुण्यांची यादी आणि यादीला टाचलेली पत्रिका, जी मेव्हण्यानं काढलेली म्हणून त्यांनी आजवर नीट बघितलीच नव्हती; मागे वऱ्हाडाला सरबत घेऊन मामा, अर्थात दाजींपासून दहा पावलं अंतर राखून. सासरे दारात आले आणि थांबले. त्यांनी वर दाराकडे बघितलं, मग हातातल्या पत्रिकेकडे बघितलं. पुन्हा वर. "हे काय?" ते म्हणाले. "दारावर रुई आन् पत्रिकेवर तलवार?"

दादा हसून म्हणाले, "ती छापखान्याची नक्षी. पोरगं म्हनलं मला."

"नक्षी न्हाई पाव्हणं. खाली कुलचिन्ह म्हनून छापलंय." सासऱ्यांचा आवाज चढला. "बैठकीत तुमी मला रुई सांगितली. आता यात खरं कोनतं? ज्याच्या घरात दोन देवकं, त्याची कुळी कोनती धरायची मी? मी पोरगी कुठं देतोय ते मला कळाय नको?"

क्षणात सगळा वर्ग भरला. मुलीकडचे चार-सहा जण पुढे सरकले. कुणीतरी म्हणालं, कुळी लपवली दिसती. दादा मुलांच्या त्या बुटक्या बाकावर बसले होते. गुडघे वर आलेले, डोक्यावरची टोपी हातात. त्यांना वाद घालता येत नसे. ते एवढंच म्हणत राहिले, "रुईच हाय हो. आज्या-पंज्यापासनं रुई. माझ्या बापानं माझ्या लगनात हीच बांधली. मी खोटं कशाला बोलू?" त्यांच्या भोवती उभ्या असलेल्या लोकांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की ते खोटं बोलताहेत असंच सगळे धरून चालले आहेत. आणि त्या अख्ख्या वर्गात खरं काय ते दोनच माणसांना माहीत होतं. एक मी. मी अंगाला हळद लावून, खिडकीशी उभा राहून माझ्या नव्या बुटांकडे बघत होतो. मी तोंड उघडलं असतं तर दादा सुटले असते. माझं तोंड उघडलं नाही. माझ्यातला सरदार कुठल्या वाटेनं पळाला ते मला कळलंसुद्धा नाही.

दुसरे मामा. त्यांनी दाराच्या रुईकडे बघितलं, मग माझ्याकडे. चष्म्यावरच्या त्या पिवळ्या ठिपक्यामागून त्यांनी माझ्याकडे जे बघितलं, त्यात सगळं आलं. मग त्यांनी सरबताची बादली खाली ठेवली, गर्दीतून पुढे आले आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा सरळ सासऱ्यांकडे बघून बोलले, "दाजी, चूक माझी हाय."

"काय म्हनला?"

"जावयांनी मला रुईच सांगितली हुती. मला ती ढालीवर शोभंना. म्हनून मी माझ्या मनानं तलवार काढली. पोराला इचारलं न्हाई, पाव्हण्यांना इचारलं न्हाई. मी चुकलो."

सासरे मामांकडे बघतच राहिले. मामा आणि 'चुकलो' हे दोन शब्द शेजारी बसलेले त्यांनी जन्मात ऐकले नव्हते. मग हळूहळू त्यांचा चेहरा बदलला, राग उतरला आणि त्याच्या जागी एक वेगळाच आनंद पसरला. "म्हंजे तुमी मनानंबी काढता व्हय?" ते म्हणाले. "मग आमच्या उंबराचं काय? ती कुनाची चूक?"

मला वाटलं आता मामा फिरणार. ते म्हणाले, "उंबरच खरा, दाजी. तीबी माझीच चूक."

मग काय, सासऱ्यांनी त्यांना मिठीच मारली. मुलीकडचे हसले, आमचे हसले, सरबत वाटलं गेलं. सासऱ्यांनी दादांचे दोन्ही हात धरून माफी मागितली, आणि दादा टोपी डोक्यावर ठेवत म्हणाले, "चालायचंच, मानूस चुकतो." लग्न झकास झालं. मामांनी भाचीला धरून बोहल्यावर आणलं, अंतरपाटाच्या पलीकडे उभे राहिले, अक्षता टाकल्या. पंगतीत मात्र जो उठला तो त्यांची थट्टा करत होता. "मामा, माझं देवक काय? का मनानंच काढता?" मामा हसत होते, आणि वाढपी पुढे गेला तरी त्यांचं पान तसंच होतं.

त्या वर्षी पाऊस झाला नाही. पुढचे सगळे महिने आमचं ऑफिस तालुक्या-तालुक्यांतल्या दुष्काळी कामांच्या मागे धावत होतं आणि मला भिंगारला जायला सवड मिळाली नाही. हे मी सगळ्यांना सांगत असे. खरं म्हणजे सवड होती, धैर्य नव्हतं. शेवटी माघात एका सकाळी गेलो. मामा ओट्यावर बसून एका ट्रकची नंबरपाटी रंगवत होते. भिंतीवरच्या ढाली नव्हत्या. मी विचारलं, हल्ली कुणाची ढाल चालू आहे? ते म्हणाले, "सोडलं ते. ज्यांच्या काढल्या त्यांनाबी सांगून आलो, पुन्हा तपासून घ्या म्हनून. एक चुकली, मंग बाकीच्यांचा भरवसा कोन धरील?"

मी म्हणालो, "मामा, एकही चुकली नव्हती. मी सांगतो सगळ्यांना. आजच सांगतो."

मामांनी ब्रश बाजूला ठेवला. "आन् तुमच्या वडलांना काय सांगाल?"

मी नंबरपाटीवरचे आकडे वाचत बसलो.

"हे बघा जावईबापू, मी तुमच्यासाठी न्हाई बोललो. तुमचं लगीन मोडलं असतं तर दुसरीकडं झालं असतं. आमच्या पोरीलाबी कुनीतरी मिळालाच असता, बरा." हे ते अगदी सरळ म्हणाले. "पन तो म्हातारा त्या बाकावर बसून सांगत हुता, रुई आमची, आज्या-पंज्यापासनं. मी इतक्या घरांत फिरलो, वाघ मागनारे बघितले, मोर मागनारे बघितले. रुई एवढ्या मानानं सांगनारा मानूस मी पयल्यांदाच बघितला. मांडीवर घेऊन आलाय तिला. त्याला मी त्या गर्दीत सांगू का, की बाबा, तुझ्याच पोराला हिची लाज वाटली?"

मी म्हणालो, निदान आमची खरी ढाल तरी काढून द्या, रुईची. मामांनी मान हलवली आणि ते परत नंबरपाटीकडे वळले. "माझा हात आता तिकडं वळत न्हाई. आन् रुईला ढाल कशाला पाहिजे? आलात त्या रस्त्याला बघितली न्हाई का? समदं वाळलं, ती हाय तशी हाय." मग मामींनी चहा आणला आणि आम्ही पाऊस कधी पडेल यावर बोललो.

दादा त्यानंतर बरीच वर्षं जगले. ते असेपर्यंत मी बोलू शकलो नाही, आणि खरं सांगायचं तर ते कारण मला फार सोयीचं होतं. मामा त्यांच्याही आधी गेले. त्यांच्या दहाव्याला सासरे डोळे पुसत म्हणाले, "चुकला एकदा, पन दिलदारपनानं कबूल केलं," आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आज मागे वळून बघताना माझ्या खोटं बोलण्यापेक्षा मला त्या मान डोलावण्याची जास्त शरम वाटते.

गेल्या आठवड्यात मी हे सगळं बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, रागावली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "माझ्या मामाला लोक हसले, तेव्हा सांगायचं होतं." दुसऱ्या दिवशी हे लिहायला बसलो. मामा कधीच चुकले नाहीत. ती चूक माझी होती, आणि आमचं देवक रुई आहे.